खारीची शिकार आणि रायफलची चुकलेली गोळी : मदत हवी आहे

येत्या हंगामात पेनसिल्व्हेनियात शेजाऱ्यांबरोबर राखाडी खारीच्या शिकारीला जाण्याचा विचार आहे. परवान्यासाठीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे. डोके, छाती व पाठ मिळून 250 चौरस इंच चमकदार नारिंगी कापड घालण्याचा आणि राहत्या इमारतींपासून 150 यार्डांच्या आत गोळी न झाडण्याचा नियमही ठाऊक आहे. त्यामुळे प्रश्न कायद्याचा नाही.

पॉइंट टू टू लाँग रायफल (.22 एलआर) या छोट्या काडतुसाची गोळी चुकली तर सुमारे दीड मैल जाऊ शकते, आणि खार तर बहुधा उंच फांदीवर, मागे मोकळे आकाश असतानाच दिसते. म्हणून मागे जाड खोड असेल तरच नेम धरायचा, असे मी ठरवले आहे. परंतु ओकच्या टणक खोडाला तिरकी लागलेली गोळी उसळून भलतीकडे जाण्याची भीती उरतेच. शेजारी छर्र्याची बंदूक (शॉटगन) सुचवतात; ती या दृष्टीने सुरक्षित खरी, पण छर्रे लागून जखमी झालेली खार ढोलीत शिरली तर तिथेच तडफडत राहील, हे मनाला पटत नाही.

सरावात 25 यार्डांवर टेकू घेऊन माझ्या गोळ्या नाण्याएवढ्या जागेत पडतात, उभ्याने मात्र तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. खारीचे डोके त्याहून बरेच लहान असते, तेव्हा टेकूशिवाय गोळी झाडणार नाही.

अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे : गोळी उसळू नये म्हणून खोडाशी कोणता कोन टाळावा, पोकळ टोकाच्या गोळीने हा धोका खरोखर कमी होतो का, आणि जखमी खार ढोलीत गेलीच तर काय करावे?