थकवा जात नाही, कुठल्या गोळ्या घ्याव्यात?

रानजाई: सकाळी उठल्यापासूनच अंगात त्राण नसतं. एक जिना चढला की धाप लागते. मल्टीव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सगळं चालू आहे, पण फरक शून्य. कुठला ब्रँड चांगला? कृपया "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं.

आपला_बंडू: वय? शाकाहारी का? रक्त तपासलंय?

कोथरूडकर: बी१२! माझं १३० निघालं होतं. इंजेक्शनं घेतली आणि पळायला लागलो. तुम्हीही घेऊन टाका.

निळावंती: न तपासता कशाला टोचून घ्यायचं? नाचणीची आंबील प्या, अळिवाचे लाडू खा. आमच्या आजीला कुठे माहीत होत्या गोळ्या!

आपला_बंडू: निळावंतीताई, आजीच्या काळीही बायका पांढऱ्याफटक पडायच्याच, फक्त हिमोग्लोबिन कुणी मोजत नव्हतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर, पण बी१२ नसतं.

रानजाई: वय ४१, शाकाहारी, अंडं चालतं. हिमोग्लोबिन ९.८. ब्रँड सांगा ना कुणीतरी.

चहाबाज: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी, रोज एक. दुधातून.

वरणभात: रोज?? अहो, ती आठवड्यातून एकदा घेतात, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे! रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाची वाट लागेल. प्रतिसाद बदला आधी.
रानजाई, बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) केलंय? पाळीत रक्त जास्त जातं का? आणि गोळ्या कधी, कशाबरोबर घेता?

रानजाई: फेरिटिन नाही केलं. पाळी आठ दिवस चालते, पण ते पहिल्यापासून तसंच आहे. गोळ्या सकाळी चहाबरोबर, थायरॉइडच्या गोळीसोबत सगळ्या एकदम. म्हणजे विसरत नाही.

वरणभात: थायरॉइडचं आत्ता सांगताय! लोह आणि कॅल्शियम ती गोळी अंगी लागू देत नाहीत, चार तासांचं अंतर हवं. शिवाय लोहाला चहा अडवतो, कॅल्शियमही अडवतं. थायरॉइडची उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, लोह दुपारी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री जेवणानंतर. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि फेरिटिन करा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा, थायरॉइडचे आकडे चुकतात. आणि आठ दिवसांची पाळी "पहिल्यापासून" असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिकडून रक्त जात राहिलं तर ब्रँड कुठलाही घ्या, भर पडणार नाही.

कोथरूडकर: बी१२ पण बघाच.

वरणभात: हो, बघू दे. नुसतं इंजेक्शन ठोकू नका म्हणतेय.

रानजाई: बायोटिन घेते खरं. सोमवारी रक्त देते, आजपासून बंद. टीएसएच दीड वर्षापूर्वीचं आहे.

निळावंती: भाजी लोखंडी कढईत करत जा.

चहाबाज: माझी गंजते हो ती. काय करू?

निळावंती: धुतल्या धुतल्या पुसा, तेलाचं बोट फिरवा. आणि चिंचेची आमटी त्यात ठेवू नका, काळीकुट्ट होते.