मदत हवी आहे: चढावर लावलेली गाडी हँडब्रेक ओढूनही मागे येते

सड्यावरचा
घराकडे येणाऱ्या चढावरच गाडी लावावी लागते, दुसरी जागा नाही. हँडब्रेक पूर्ण ओढतो, तरी रात्रीतून गाडी मागे येते. आज सकाळी बंपर गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकलेला होता. गॅरेजवाला केबल ताणून देतो, थोडे दिवस बरं, मग परत तेच. खालच्या रस्त्याने शाळेची पोरं जातात. चाकामागे लावायला चांगला स्टॉपर कोणता, एवढंच सांगा. पाऊस लागलाय, जरा लवकर.

घाटमाथा
स्टॉपर नंतर. गाडी कोणती? तोंड चढाकडे की उताराकडे? मागे ड्रम ब्रेक की डिस्क ब्रेक? लिव्हर किती टकटक आवाजांवर अडतो? गिअर कोणता टाकून ठेवता?

नट_बोल्ट
आणि चाक फिरतं की घसरतं? रात्री मागच्या टायरच्या बाजूवर खडूने उभी रेघ मारा, बरोबर तिच्याखाली जमिनीवर दुसरी. सकाळी टायरची रेघ फिरलेली दिसली तर ब्रेक सुटतोय. रेघ उभीच राहून गाडी सरकली असेल, तर शेवाळावरून घसरतेय. मग नवे ब्रेक घालूनही उपयोग नाही, आधी जमीन ब्लीचिंग पावडर टाकून घासा.

मंदार_कोथरूड
हिल होल्डवाली गाडी घ्या, चढावर मागे येतच नाही.

घाटमाथा
मंदार, हिल होल्ड ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद धरतं, चढावर निघण्यापुरतं. उभ्या, बंद गाडीशी त्याचा संबंध नाही.

सड्यावरचा
हॅचबॅक आहे, तोंड चढाकडे. मागे ड्रम. लिव्हर ११ टकवर येतो. रेघ मारून पाहिली, चाक फिरतंय. गिअर न्यूट्रलला, दुसरं काय ठेवणार? ऑटोमॅटिक आहे, पण या गाडीत पी (पार्किंगचा गिअर) नाहीच.

घाटमाथा
पी नाही म्हणजे एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल). हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! एएमटीची गिअरपेटी आतून साधी मॅन्युअलचीच असते, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. न्यूट्रलला इंजिन बंद केलंत की गाडी एकट्या हँडब्रेकवर उभी. बहुतेक एएमटीत गिअर टाकून इंजिन बंद केलं की क्लच मिटतो आणि चाकं इंजिनला जोडलेली राहतात. क्रम असा: पाय ब्रेकवर, न्यूट्रल, हँडब्रेक ओढा. मग पाय हळू सैल करून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या. पुन्हा ब्रेक दाबा, डी (पुढे जाण्याचा) किंवा एम (हाताने गिअर बदलण्याचा) टाका, पडद्यावर १ दिसला की इंजिन बंद. त्यानंतरच पाय काढा. तोंड उताराकडे असेल तेव्हा आर (रिव्हर्स). सकाळी ब्रेक दाबून न्यूट्रल करा आणि मगच चालू करा. गाडीसोबतच्या पुस्तकात पार्किंगचं पान असतं, तेही वाचा.

कातळशिल्प
गिअर पुरेसा आहे. कोकणात पावसाळ्यात हँडब्रेक लावूच नये, लायनर (ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर) ड्रमला गंजून चिकटतात.

नट_बोल्ट
अर्धं बरोबर. महिनाभर सपाट जागी गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून गिअर आणि चाकाला पाचर (म्हणजेच स्टॉपर) लावावी. रोज चालणाऱ्या गाडीला आणि तेही चढावर, हा सल्ला देऊ नका. गिअरमध्ये गाडी धरते ती इंजिनच्या सिलिंडरमधली दाबलेली हवा. ती पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हळूहळू निसटते आणि गाडी थोडी थोडी सरकते. जुन्या इंजिनात जास्त.

कातळशिल्प
मग चिकटलेले लायनर तुम्ही येऊन सोडवणार का?

नट_बोल्ट
रात्रभरात धरलेला गंज गाडी निघताना एका 'कट्' आवाजात सुटतो. खाली गेलेली गाडी परत आणता येत नाही.

सड्यावरचा, तुमचा खरा आजार ते ११ टक आहेत. साधारण पाच ते आठमध्ये लिव्हर घट्ट व्हायला हवा, नेमका आकडा पुस्तकात. लायनर झिजले की शू (लायनर बसवलेली कमान) आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते आतला अॅडजस्टर भरून काढतो. तो गंजून अडकला असेल आणि वर नुसती केबल ताणली, तर ड्रमच्या आतला शूचा लिव्हर अर्धवट ओढलेलाच राहतो, मग अॅडजस्टर कधीच काम करत नाही. म्हणून परत परत सैल होतंय.

गॅरेजवाल्याला सांगा: केबल आधी पूर्ण सैल करा. दोन्ही ड्रम काढा. लायनर १ मिमीच्या आसपास आला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला, एकाच बाजूचे कधीच नाही. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) रबर उचलून बघा, आत ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. तेल प्यायलेले लायनर धुऊन उपयोग नाही, फेका. अॅडजस्टर साफ करून फिरता करा, शू ड्रमला हलके घासतील इतके आणा, पेडल दाबून शू मध्यावर बसवा आणि सगळ्यात शेवटी केबल. मग सपाट जागी पुढच्या चाकांना पाचर लावून मागचं एकेक चाक उचला, एकेक टक ओढत हाताने फिरवून पाहा. दोन्ही चाकं एकाच टकवर अडली पाहिजेत. एकच अडलं तर दुसऱ्या बाजूची केबल आत गंजलीय, ती बदला.

सांगली_ते_सॅन_होजे
युरोपच्या आर-१३एच नियमाप्रमाणे भरलेली गाडी २० टक्के उतारावर एकट्या हँडब्रेकने थांबली पाहिजे. तुमचा चढ ६ फुटांत १ फूट धरला तरी १७ टक्के. तोंड वर असल्याने मागच्या चाकांवर वजनही जास्त आहे, म्हणजे ब्रेक ठीक असेल तर धरायलाच हवा.

विधीज्ञ
मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ बघा. सार्वजनिक जागी चालक नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी ठेवणं बंधनकारक आहे.

सड्यावरचा
कायदा नको, स्टॉपर सांगा.

वाकण_फाटा
घ्या. पाचरीची उंची चाकाच्या पावपट. १७५/६५ आर१४ टायर साधारण ५८ सेंमी, म्हणजे पाचर १५ सेंमी. दोन घ्या, मागच्या दोन्ही चाकांच्या मागे, टायरला चिकटून. भरीव रबराची उत्तम. लाकडाची असेल तर तळाला जुन्या टायरचा तुकडा ठोका, नुसतं लाकूड ओल्या जांभ्यावर सरकतं. दगड नको, चिऱ्याची कड तुटते. काढताना हँडब्रेक तसाच ठेवून, चालक आत ब्रेकवर असताना, बाजूने उभं राहून दोरीने ओढा. गाडीच्या मागे वाकायचं नाही.

स्टिअरिंगही वळवून ठेवा. तुमच्याकडे पदपथाची कड नाही, म्हणून चाकं गडग्याच्या बाजूला. सुटलीच तर मागचा भाग गडग्याकडे वळेल, रस्त्यावर उतरणार नाही.

सड्यावरचा
उद्या ड्रम उघडून घेतो. डीमध्ये ठेवल्यावर बॅटरी उतरली तर?

घाटमाथा
गिअर अडकून राहील, ढकलता येणार नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी केबलने जोडा, आधी न्यूट्रल दिसतंय का बघा, मग चालू करा. तोवर पाचरी आणि हँडब्रेक हलवू नका.