वेताळाचे स्कॅन वाटायचे की नाही?

रद्दीतलाराजा: गावच्या घरी माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे सदतीस अंक सापडले. वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम), मँड्रेक आणि दोन बहादूर. कडा वाळवीनं खाल्ल्यात, चित्रं मात्र शाबूत. सगळे स्कॅन केले, टेलिग्रामवर टाकणार होतो, तर धाकटा भाऊ म्हणतो ही चोरी आहे. कोणाची? टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ला सुरू केलेलं इंद्रजाल १९९०ला बंद पडलं. आज मराठी अंक हवा तर जुन्या पुस्तकवाल्याचे पाय धरायचे. तो घेतो त्यातला एक रुपया तरी लेखकाला किंवा भाषांतरकाराला जातो का? मी तर फुकट वाटतोय.

कलमबहाद्दर: ‘फुकट’वरच सगळे अडतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ वाचा. सहा महिने ते तीन वर्षं कैद, दंड ५०,००० ते २ लाख. धंद्यासाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण गुन्हा गुन्हाच राहतो. स्वतःपुरतं वाचायला स्कॅन ठेवलेत तर कलम ५२चा आधार घेता येईल, हजार जणांना वाटायला नाही. आणि ‘कोणाची?’चं उत्तर सोपं आहे. वेताळाचे जनक ली फॉक १९९९ला गेले, पण वेताळाचे हक्क किंग फीचर्स या अमेरिकन कंपनीकडे आहेत.

शुक्रवारचा_चॅप्टर: काका, माळ्यावरचं सोडा. आम्ही चौघं एक मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, मराठीत करतो. संवादांचे फुगे पुसायचे, खालचं चित्र परत रंगवायचं, एक ‘धडाम’ नीट बसवायला अर्धा तास. शुएशा या जपानी मांगा-प्रकाशकाचं अधिकृत अ‍ॅप २०१९पासून आहे. इंग्रजी, स्पॅनिश, अगदी थायमध्येसुद्धा. मराठीत? नाही. इंग्रजी न येणाऱ्या पोराला ज्यांनी गिऱ्हाईकच मानलं नाही, त्यांचं नुकसान कसलं?

काडीवाला: मांगामुरा ही चोरीच्या मांगांची साइट आठवा. २०१८ला बंद, चालवणाऱ्याला २०२१मध्ये तीन वर्षं कैद, २०२४ला टोकियोच्या न्यायालयानं सुमारे १७० कोटी येन भरपाई ठोठावली. 🍿

शुक्रवारचा_चॅप्टर: मांगामुरावर मूळ जपानीच पानं होती, जाहिरातींतून कमाई होती. आमच्याकडे ना जपानी ना जाहिरात. तुलना गंडली.

प्रूफवाली_मावशी: बाळा, मेहनतीबद्दल शंका नाही. पण मी पोटासाठी भाषांतर करते, म्हणून नुकसान कसलं ते ऐक. एका प्रकाशकाकडे परदेशी चित्रकथा मराठीत करायचा प्रस्ताव नेला होता. त्यांनी फोन काढला, त्याच कथेचं कोणीतरी केलेलं मराठी दाखवलं. ‘हे फुकट पडलंय, आमचं कोण घेणार?’ विषय संपला. ज्याला तू पोकळी म्हणतोस ती भरायला कोणी येणार असेल तर तू आधीच दारात बसलेला असतोस. वर ते भाषांतर वाईट होतं. क्रियापदंसुद्धा चुकलेली.

शुक्रवारचा_चॅप्टर: क्रियापदं आमची नव्हती 🙏 पण त्या प्रकाशकानं नाहीतर छापलं असतं, यावर तुमचा खरंच विश्वास आहे?

प्रूफवाली_मावशी: अर्धा.

कलमबहाद्दर: सरळ वाट हवी तर कलम ३२ आहे. प्रकाशनाला सात वर्षं झाली की भाषांतराच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मेख अशी की ते साहित्यिक आणि नाट्यकृतींसाठी आहे. कॉमिकमधली चित्रं ही कलाकृती. म्हणजे संवादांना वाट सापडेल, वेताळाचं चित्र बाहेरच अडेल.

रद्दीतलाराजा: तूर्त टेलिग्राम रहित. किंग फीचर्सला मेल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. वेताळाचा देश मूळ कथांत ‘बेंगाला’, आपल्या इंद्रजालमध्ये ‘डेंकाली’. ते नाव इथल्या कचेरीत बसून कुणीतरी बदललं. मग डेंकालीची परवानगी किंग फीचर्सकडे मागायची की टाइम्सकडे?