कॅम्पसचं वायफाय आणि व्हीपीएन, हातातल्या फोनवर: बडोदेकरांनो, तुमचे अनुभव लिहा

रावपुऱ्याची (धागाकर्ती):
मी एका प्रयोगशाळेत तांत्रिक मदतीचं काम करते. नवं सत्र सुरू झालं की फोन पुढे करून मुलं दारात उभी राहतात. घरच्या वायफायला नाव निवडलं, पासवर्ड टाकला की झालं. कॅम्पसवर फोन एकदम ईएपी पद्धत, फेज २, सीए सर्टिफिकेट, डोमेन, आयडेंटिटी असं विचारायला लागतो. गोंधळ होणारच. पण मला खरी काळजी वाटते ती वर्गमित्रांकडून मिळणाऱ्या एका सल्ल्याची: "सर्टिफिकेट तपासू नको म्हण, चालतं." सर्टिफिकेट म्हणजे समोरचा सर्व्हर कॅम्पसचाच आहे याचं ओळखपत्र. ते न तपासताही चालतं हे खरं. पण तेव्हा तुमचा फोन त्याच नावाच्या कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवायला तयार झालेला असतो. परीक्षा अर्ज, निकाल, ईमेल सगळं ज्या पासवर्डवर उघडतं तोच पासवर्ड इथे पणाला लागतो.

म्हणून ही हाक, वायफायसाठी आणि व्हीपीएनसाठीही (घरून कॅम्पसच्या नेटमध्ये शिरायचा सुरक्षित बोगदा). कोणतं यंत्र होतं, कुठे अडलं, नेमकं कशाने सुटलं, एवढं लिहा. कॉलेजचं नाव आणि स्वतःचा आयडी लिहू नका.

दांडिया बाजार, एमएस्सी:
ताई, सुरुवात मीच करतो. माझ्या जुन्या फोनवर सर्टिफिकेटच्या खाली "डू नॉट व्हॅलिडेट" असा पर्याय होता आणि सगळे तोच निवडत. नवा फोन घेतला तर तो पर्यायच गायब. अँड्रॉइड ११ वर डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून आधी पिक्सेलवर आणि मग हळूहळू इतर फोनांवर तो काढला गेला. फोन "सेव्ह्ड" एवढंच दाखवायचा, पुढे काही नाही.

सुटलं ते असं. ईएपी पद्धत पीईएपी, फेज २ ला एमएसचॅप व्ही२ (सर्व्हरला पासवर्ड पटवून देण्याची पद्धत), सीए सर्टिफिकेटला "यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स", आणि डोमेनच्या रकान्यात संगणक केंद्राने सांगितलेलं सर्व्हरचं नाव. डोमेन रिकामं ठेवलं तर सेव्हचं बटणच उजळत नाही. हे नाव अंदाजाने टाकू नका, केंद्रातच विचारा. माझ्या मित्राच्या कॉलेजचं सर्टिफिकेट त्यांनी स्वतःच बनवलेलं आहे. त्याला आधी ती फाइल फोनमध्ये "वायफाय सर्टिफिकेट" म्हणून बसवावी लागली, मगच ती यादीत दिसली.

वाडीतला नेटवर्कवाला:
ताईंच्या मुद्द्याला तांत्रिक जोड देतो, कारण हे काम मी रोज करतो. कँटीनच्या कोपऱ्यात बसून कोणीही कॅम्पसच्याच नावाचं वायफाय उभं करू शकतं. सर्टिफिकेट न तपासणारा फोन त्याला आपणहून जोडला जातो आणि एमएसचॅप व्ही२ ची देवाणघेवाण त्याच्या हाती लागते. पासवर्ड उघड्या अक्षरांत जात नाही हे खरं, पण २०१२ च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की ही सगळी गुंतागुंत शेवटी डीईएस या जुन्या कूटलेखन पद्धतीच्या एका चावीइतकीच उरते. ती चावी ५६ बिटांची. आजच्या यंत्रांपुढे ती टिकत नाही. म्हणजे सगळी सुरक्षितता तुमचा फोन समोरच्या सर्व्हरची ओळख पटवतो की नाही यावर उभी आहे. कितीही अवघड पासवर्ड ठेवा, ओळखच पटवली नाही तर उपयोग नाही.

आयफोनवर पहिल्यांदा जोडताना सर्टिफिकेट समोर येतं आणि "ट्रस्ट" विचारलं जातं. अँड्रॉइड १३ पासून पहिल्या जोडणीला विश्वास ठेवण्याची तशीच सोय आहे. ते बटण दाबण्याआधी सर्टिफिकेटवरचं नाव आणि फिंगरप्रिंट (त्याच्या ओळखीची अक्षरं-आकड्यांची ओळ) केंद्राने दिलेल्याशी ताडून बघा. एक मिनिट लागतं. आणि काही महिन्यांनी तोच प्रश्न अचानक पुन्हा आला तर लगेच हो म्हणू नका. सर्टिफिकेट बदललंय का हे आधी केंद्रात विचारा.

हॉस्टेल, मूळ नंदुरबार:
आमच्याकडे फोनचा मॅक पत्ता (वायफायवर फोन ओळखायचा क्रमांक) नोंदवावा लागतो. मी नोंदवला, तरी नेट येईना. सेटिंगमध्ये शोधलं तेव्हा कारण कळलं: अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा बनावट पत्ता दाखवतो, आयफोन आणि आयपॅडवर हे आयओएस १४ पासून सुरू आहे. "अबाउट फोन"मध्ये दिसतो तो खरा पत्ता, कॅम्पसला दिसतो तो वेगळाच. खूण सांगतो: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. फक्त कॅम्पसच्या वायफायसाठी "यूज डिव्हाइस मॅक" केलं आणि चाललं. बाकी ठिकाणी ती सोय चालूच ठेवा, स्टेशनवर आणि मॉलमध्ये ती आपल्याच फायद्याची आहे.

सयाजीगंजची:
माझं छोटंसं. लॉगिनचं पान उघडतच नव्हतं. फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस"ला (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) एका जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव भरलेलं होतं. ते "ऑटोमॅटिक" केल्यावर पान लगेच आलं. "ऑल्वेज ऑन व्हीपीएन" चालू असेल तरी हेच होतं: लॉगिनशिवाय व्हीपीएन जोडत नाही, आणि व्हीपीएनशिवाय फोन लॉगिनचं पान उघडू देत नाही.

प्रतापगंज, निवृत्त प्राध्यापक:
मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा मोठा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निवृत्तीनंतरही वाचन आणि थोडं लेखन चालू आहे आणि संस्थेने व्हीपीएनची परवानगी कायम ठेवली याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना अमेरिकेतून बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली, आणि पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यापाड्यांत पाठवल्या जात. घरी बसून टॅबवर नियतकालिक उघडतं तेव्हा मला त्या फिरत्या पेट्याच आठवतात.

अडचण अशी आली की माहितीपत्रकात व्हीपीएनचा प्रकार म्हणून "एल२टीपी" निवडा असं लिहिलं होतं आणि माझ्या नव्या टॅबमध्ये ते नव्हतंच. सूनबाईंनी शोधून काढलं की अँड्रॉइड १२ पासून फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पीपीटीपी आणि एल२टीपी या जुन्या प्रकारांची नवी जोडणी करता येत नाही, फक्त आयकेईव्ही२ चे प्रकार राहिले आहेत. ॲपलने तर पीपीटीपी २०१६ मध्येच आयओएस १० मधून काढून टाकलं. मी केंद्राला पत्र लिहिलं. त्यांनी ओपनव्हीपीएन या वेगळ्या ॲपची फाइल पाठवली, ती त्या ॲपमध्ये उघडली आणि काम झालं. माझी तरुण मित्रांना विनंती: माहितीपत्रक जुनं असेल तर नुसतं कुरकुरू नका, लेखी कळवा. तुमच्या मागून येणाऱ्याची वाट मोकळी होते.

संस्कृत, पीएचडी:
सर, तुमचं वाचून आनंद झाला. माझी गोष्ट पुढच्या पायरीची आहे. व्हीपीएन जोडलं, किल्लीचं चिन्ह आलं, तरी जेस्टोर या शोधलेखांच्या संग्रहावर लेख विकतच दाखवत होतं. प्रकाशक तुम्हाला कॅम्पसच्या आयपी पत्त्यावरून ओळखतो. आमचं व्हीपीएन "स्प्लिट टनेल" प्रकारचं निघालं: संस्थेच्या आतल्या पानांपुरतंच ते बोगद्यातून जायचं, बाकी सगळं घरच्या नेटवरून. केंद्राने ग्रंथालयासाठी वेगळा प्रोफाइल दिला, त्यात सगळी वाहतूक कॅम्पसमार्गे जाते. लेख उतरवून झाला की तो बंद करते, नाहीतर घरचे व्हिडिओसुद्धा कॅम्पसला वळसा घालून येतात.

पण दर वेळी व्हीपीएन लागतंच असं नाही, हे माझ्या कितीतरी मैत्रिणींना माहीत नव्हतं. आपल्या शेजारी गांधीनगरला असलेल्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची इन्फेड ही लॉगिन सेवा तुमच्या संस्थेने घेतली असेल तर प्रकाशकाच्या पानावर संस्थेचं नाव निवडून थेट आत जाता येतं. शोधगंगा हा पीएचडी प्रबंधांचा संग्रह, ती तर सर्वांना खुलीच आहे, तिला व्हीपीएन लावून बसू नका. १ जानेवारी २०२५ पासून "वन नेशन वन सबस्क्रिप्शन"मध्ये ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना मिळू लागली आहेत. बडोद्यात बसून संस्कृतावर काम करणाऱ्या मुलीला परदेशातल्या नियतकालिकाचा ताजा अंक वाचता यावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

ललित कला, सध्या जर्मनीत:
मी एड्युरोमबद्दल सांगते, म्हणजे आपल्याच संस्थेच्या लॉगिनने जगभरच्या विद्यापीठांत चालणारं वायफाय. भारतात हे अर्नेट ही शिक्षणसंस्थांचं नेटवर्क सांभाळणारी सरकारी संस्था चालवते. आपल्या संस्थेत असेल तर निघण्याआधी बडोद्यातच फोनवर जोडून बघा, "गेटएड्युरोम" ॲपने सगळी सेटिंगं आणि सर्टिफिकेट आपोआप बसतात. युजरनेम पूर्ण लिहायचं, @ च्या पुढच्या संस्थेच्या नावासकट. कॅम्पसवर नुसत्या नावाने चालून जातं, पण परदेशात तिथल्या सर्व्हरला तुम्हाला कुठे विचारायचं हे त्या शेपटीवरूनच कळतं. मी इथे विद्यापीठाच्या दारात पोहोचले आणि फोन आपोआप जोडला गेला. परक्या गावात, पहिल्या दिवशी, आईला लगेच फोन करता आला.

मकरपुऱ्यातल्या काकू:
माझा मुलगा पहिल्या वर्षाला आहे. व्हीपीएन बेकायदेशीर झालंय असं कोणी तरी सांगितलं. खरं आहे का?

वाडीतला नेटवर्कवाला:
नाही काकू, निश्चिंत राहा. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने जे निर्देश काढले ते सर्वसामान्यांना व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपावी याबद्दल होते. संस्थेचं स्वतःचं व्हीपीएन त्यात येत नाही. फक्त "फ्री व्हीपीएन" म्हणून मिळणारी ॲप त्याला घेऊ देऊ नका. त्यांतून कॉलेजचं ग्रंथालय उघडणार नाही, आणि त्याचं सगळं ब्राउझिंग अनोळखी माणसाच्या यंत्रातून जाईल. आणि व्हीपीएन मध्येच तुटत असेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ॲपला "अनरिस्ट्रिक्टेड" करा, बऱ्याच फोनांत पडदा बंद होताच ॲप झोपवलं जातं.

रावपुऱ्याची (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार, सरांचे विशेष. एक अजून कोणी लिहिलं नाही, आणि माझ्याकडे सर्वांत जास्त मुलं त्याचसाठी येतात. पासवर्ड बदलला की थोड्या वेळाने खातं लॉक होतं. बॅगेत किंवा कपाटात पडलेला जुना टॅब जुन्याच पासवर्डने सारखा दार ठोठावत असतो, आणि सर्व्हरला वाटतं कोणी तरी घुसायचा प्रयत्न करतंय. म्हणून आधी प्रत्येक यंत्रावर ते वायफाय "फर्गेट" करा, मग पासवर्ड बदला, मग एकेक यंत्र नव्याने जोडा, डोमेन आणि सर्टिफिकेटसकट.