घराभोवती लॉन आणि पाम नकोतच: तुम्हाला काय वाटतं?

सायली_सातारा
साताऱ्याच्या बाहेर आमचं घर नुकतंच बांधून झालं. साडेतीन गुंठे जागा, घर आणि गाडीची जागा वगळून दोनेक हजार फूट अंगण उरलंय. जमीन मुरमाड, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येतात. एप्रिल लागला की बोअर अर्ध्या तासात हवा फेकायला लागते.

लँडस्केपिंगवाल्यांनी आराखडा दिलाय. मधे हजार फूट लॉन, कडेनं गोल्डन दुरांताचं छाटीव कुंपण, फाटकाशी चार फॉक्सटेल पाम आणि मागच्या भिंतीला कोनोकार्पस या परदेशी झाडांची रांग. कागदावर देखणं दिसतं, पण माझं मत पक्कं आहे की आपल्याकडच्या घराला हे शोभत नाही आणि परवडतही नाही.

लॉनचाच हिशोब घ्या. हजार फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी दिवसाला ४६५ लिटर होतात. एप्रिल-मे मिळून जवळपास २८ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर तीन. ज्या गवतावर गाय चरणार नाही, त्याला हे पाणी घालायचं? आणि कोनोकार्पस लावायला तर गुजरात सरकारनं २०२३ मध्ये बंदी घातलीय. मुळं पाइपलाइनमध्ये शिरतात, परागांचा त्रास होतो, अशी कारणं होती. आपल्याकडे मात्र ‘लवकर वाढतं’ म्हणून तेच लावतात.

मला बहावा, बकुळ, ताम्हण, पारिजात, कोरांटी अशी इथलीच झाडं हवीत. घरात दोन मतं आहेत, म्हणून इथे मांडतेय.

मोकळं_अंगण
सायलीताई, पाण्याचा हिशोब मान्य. बाकीचं पटलं नाही.

आमच्या जुन्या घरी दारातच जांभूळ होतं. जूनमध्ये अंगणभर जांभळांचा चिखल व्हायचा. आई सकाळी तुळशीला पाणी घालायला गेली, पाय घसरला आणि मनगट मोडलं. दोन महिने प्लास्टर. तेव्हापासून मी ठरवलं की घराच्या अंगणात आधी माणसाला नीट चालता आलं पाहिजे. आता मी समोर लॉन केलंय. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, रोज संध्याकाळी अनवाणी त्यावर फेऱ्या मारते. नातवंडं पडली तरी गुडघे फुटत नाहीत. याची किंमत टँकरमध्ये मोजता येत नाही.

दुसरं, हे ‘इथलीच झाडं’ प्रकरण. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो, तोही अमेरिकेतून आलेला. पेरू, चिकू, सीताफळ, पपई सगळे पाहुणे. यांना अंगणाबाहेर काढणार का? आणि दारातली कण्हेर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण ती पानापासून मुळापर्यंत विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी तर जीव जातात. लहान मुलं असलेल्या घरात मी आधी हे बघेन. झाड कुठून आलं ते नंतर.

सायली_सातारा
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. दारात जांभूळ नको हे मलाही पटतं. फळझाड वाटेपासून लांबच हवं.

पण झेंडू आणि पाम एकाच मापात कसे मोजता? चाफ्याला, झेंडूला आपण देवघरात जागा दिली आणि ते इथल्या पाण्यावर निभावतात. माझी तक्रार परकेपणाबद्दल नाही, मुकेपणाबद्दल आहे. भाड्याच्या घरी माझ्याकडे कुंडीत लिंबाचं रोप होतं. एकदा पानावर चिमणीची विष्ठा पडलीय म्हणून पुसायला गेले, तर ती हलली! ती अळी होती. काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा, हुबेहूब विष्ठाच. आठवड्याभरात तीच हिरवीगार झाली आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढायची. त्याला असा आंबूस वास! पुढे तिचा कोष झाला आणि एका सकाळी मुलीच्या डोळ्यांदेखत फुलपाखरू बाहेर आलं. ती शाळेत उशिरा पोचली, मी रागावले नाही.

आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. दुरांताच्या छाटलेल्या ठोकळ्यावर हे कुठून बघायला मिळणार?

जांभा_रत्नागिरी
मी ताईंच्या बाजूनं आहे, पण स्वतः खाल्लेली ठेच सांगतो. कंपाउंडच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, उंबराचं रोप आपोआप उगवलं. देवाचं झाड म्हणून ठेवलं. आठ वर्षांत गडग्याचे चिरे सुटले, मग पाण्याच्या टाकीला तडा गेला. वड, पिंपळ, उंबर कितीही आपले असले तरी अडीच-तीन गुंठ्यांत त्यांना जागा नाही. आणि शहराच्या हद्दीत असाल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे वाढलेलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून लावतानाच वीस वर्षं पुढचं बघा.

रोपवाटिका_वाई
बावीस वर्षं रोपं विकतोय, म्हणून थोडं लांब लिहितो. ताई आणि दादा, तुम्ही दोघंही झाडाचं गाव विचारताय. मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का?

ताई, तुमच्या यादीतला ताम्हण आधी काढा. राज्यफूल म्हणून सगळे मागतात, पण ते मुळात ओढ्या-नदीकाठचं झाड. कोकणात, घाटात बघा, पाण्याच्या कडेला उभं असतं. तुमच्या मुरमात ते जगेल, पण फुलायला खूप रडवेल. सीतेच्या अशोकाचंही तेच, त्याला सावली आणि ओल लागते. इथली माती आणि इथलं झाड म्हणताना ‘इथलं’ म्हणजे नेमकं कुठलं, हे बघायला हवं. महाबळेश्वर तुमच्यापासून दोन तासांवर आहे, पण तिथलं झाड तुमच्या अंगणात परकंच.

बहावा घ्या. मुरमात, उन्हात मजेत राहतो. फक्त शेंगा हात-दीड हात लांब आणि कडक, म्हणून गाडीच्या जागेवर नको. आपटा घ्या, छोटं झाड आहे, भिंतीला त्रास नाही. दसऱ्याला लोक कांचनची पानं आपटा म्हणून वाटतात, तुमच्या दारात खरा असेल. बकुळ चांगलीच, पण सावकाश वाढते. लावणाऱ्यानं दहा वर्षांचा धीर धरावा. पारिजातकाच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. कुंपणाला दुरांताऐवजी अडुळसा लावा, शेळी तोंड लावत नाही.

आणि दादांचंही खोटं नाही. मुलं, म्हातारी माणसं असलेल्या घरात थोडी हिरवळ हवीच. फक्त हजार फूट कशाला? आईंच्या फेऱ्यांना दीडशे फुटांची पट्टी पुरते, तीही सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत येईल अशी. लँडस्केपवाले हजार फूट सांगतात कारण लॉन एका दिवसात अंथरता येतं आणि गृहप्रवेशाच्या फोटोत हिरवं दिसतं. मीही विकतो ते. पण विकताना पाण्याचं सांगतो.

मोकळं_अंगण
काका, दीडशे फुटांचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे. तरी माझं मत तेच आहे, अंगण आधी माणसांचं. सायलीताई, फुलपाखरांसाठी लिंबू लावाल, पण त्याचे काटे मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला येणार नाहीत एवढं बघा. कढीपत्ता लावला तरी चालेल ना? काटे नाहीत आणि रोज फोडणीला लागतो.

सायली_सातारा
चालेल. कढीपत्त्यावरही त्याच कुळातल्या फुलपाखरांच्या अळ्या येतात. स्वयंपाकघराच्या दाराशी तोच लावते. ताम्हण काढताना मात्र जीवावर आलं. काका, त्या जागी पश्चिमेला बहावाच लावू का? दुपारचं ऊन थेट हॉलच्या भिंतीवर येतं. भिंतीपासून किती लांब?

रोपवाटिका_वाई
पश्चिमेला लावा, पण एक लक्षात घ्या. बहावा ऐन उन्हाळ्यात पानं झाडतो आणि मग फुलतो, त्यामुळे एप्रिलात भिंतीवर सावली कमीच पडेल. सावलीच हवी असेल तर तिथे बकुळ आणि फाटकाशी बहावा. भिंतीपासून निदान दहा फूट सोडा.

खड्डा मे महिन्यातच काढून ठेवा, तीन फूट लांब-रुंद-खोल. ऊन खाऊ दे. मुरूम बाजूला काढून पोयटा, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड भरा. रोप पहिले दोन पाऊस झाल्यावर आणा. उंच बघून घेऊ नका, पिशवीचा तळ बघा. मुळं आत गोल गोल फिरलेली असतील तर ते रोप परत ठेवा, मग ते माझ्याच दुकानातलं का असेना.