मदत हवी आहे : उजवा गुडघा वाजतो, उपाय सांगा, जरा घाई आहे

कर्दळी
नमस्कार मंडळी. गुडघा वाजतो. उठताना कट्, जिन्यावर करकर. काय करावं? मेडिकलवाल्याने एक मलम आणि महिनाभराच्या गोळ्या हातात कोंबल्या, अजून उघडल्या नाहीत. परवा पारायणाच्या हॉलमध्ये सगळे खाली मान घालून वाचतायत, चिडीचूप, आणि मी उठले तर पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. इतका आवाज! गुगल करून झालंय. तिथे एक तर 'काही नाही' म्हणतात, नाहीतर थेट गुडघा बदला. ज्यांना स्वतःचा अनुभव आहे त्यांनीच लिहा. पंधरवड्यात फरक पडायला हवा.

उचापती
वय? वजन? कधीपासून? मागे कधी पडला होतात का? दुखतो का, सुजतो का? यातलं काहीच लिहिलेलं नाही, पण पंधरवड्याची मुदत मात्र घातलीय.

निवृत्त_कारकून
पारायण चालू असताना मध्येच उठलात? गुरुचरित्र ना? अध्याय अर्धवट टाकून आसन सोडत नाहीत.

कर्दळी
अध्याय पुरा झाला होता, काका. आणि उचापती, दुखत नाही म्हणून तर लिहिलं नाही. मला आवाजावर उपाय हवाय.

शेंगदाणा_काकू
अगं थंडी सुरू झाली ना, डिंकाचे लाडू कर. डिंक तुपात चांगला फुलला पाहिजे, कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. खारीक पूड, सुकं खोबरं, अळीव घाल, मेथी सोसत असेल तर तीही. रोज सकाळी एक. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत मांडी घालून जेवायच्या. वंगण कमी झालं की हाडं बोलतात.

उचापती
काकू, लाडवातलं तूप गुडघ्यात जात नाही, कमरेवर जातं. त्यांचं वय तरी कळू द्या आधी.

कर्दळी
५१. वजन कशाला हवंय?

उचापती
मला नको, गुडघ्याला हवंय. एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. हे माझं म्हणणं नाही, गुडघे झिजलेल्या माणसांना चालायला लावून मोजलेलं आहे.

हाडकं_मोजणारी
सांगलीत फिजिओथेरपी करते. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण आधी आवाजांची भेसळ थांबवू या. धाग्यात दोन वेगळे आवाज आलेत आणि सगळे एकच समजून बोलतायत.

बसून उठताना एकदाच 'कट्' झालं आणि लगेच परत उठलं-बसलं तर होत नाही, असा आवाज बहुतेक वेळा वायूचा असतो. सांध्यातल्या द्रवात वायू विरघळलेला असतो, जास्त करून कार्बन डायऑक्साइड. सांधा ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि बुडबुडा तयार होतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसं. बोटं मोडल्यावर तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, ते यामुळेच. दुसरा कट् स्नायूच्या दोरीचा. ती हाडाच्या उंचवट्यावरून सटकते. हा मात्र दर वेळी वाजतो. दुखत नसेल तर या दोन्हींकडे मी तरी लक्ष देत नाही.

जिन्यावरची करकर वेगळी. ती गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूची. खुर्चीत बसा, तळवा वाटीवर सपाट ठेवा आणि पाय सावकाश सरळ करा. हाताला वाळू रगडल्यासारखं लागतंय का? चाळिशी-पन्नाशीनंतर कूर्चेचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या आवरणाचा, गुळगुळीतपणा कमी होतो, पाळी थांबायच्या सुमाराला मांडीचा स्नायूही उतरतो. मग वाटी रुळावरून जराशी घासत चालते. नुसती करकर म्हणजे सांधा गेला असं नाही. पण सूज, गुडघा गरम लागणं, अचानक पाय निसटणं, गुडघा मध्येच अडकणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, यातलं काही असेल तर धागा बंद करून डॉक्टरकडे.

कर्दळीताई, यातलं काही आहे का?

टिवल्याबावल्या
वायूचा बुडबुडा तयार होतो की फुटतो, हा वाद लय जुना आहे. लंडनमध्ये १९४७ साली बोटं ओढून क्ष-किरणांनी बघितलं आणि म्हणाले, तयार होताना आवाज येतो. १९७१ साली लीड्सवाले म्हणाले छे, फुटताना. २०१५ साली कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात एमआरआय चालू ठेवून बोटं ओढली आणि पारडं पुन्हा 'तयार होताना'कडे झुकलं. २०१८ साली गणित मांडून दोघांनी दाखवलं की बुडबुडा अर्धवट फुटला तरी तेवढा आवाज होऊ शकतो.

आणि ते अमेरिकन डॉक्टर उंगर! लहानपणी आई ओरडायची म्हणून साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची मुद्दाम सोडली. संधिवात एकाही हाताला नाही. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं, ते गमतीशीर संशोधनाला देतात ते.

उचापती
बोटांबद्दल कोणी विचारलं होतं?

टिवल्याबावल्या
तुम्हाला नसेल वाचायचं तर पुढे सरका.

शेंगदाणा_काकू
माझी आजी दृष्ट काढून झाली की स्वतःच्या कानशिलावर दहाही बोटं कडाकड मोडायची. जितकी वाजली तितकी दृष्ट लागलेली. तिच्या हातांना कधी काही झालं नाही, भाकऱ्या थापायची नव्वदीला.

हिंग्वाष्टक
पाश्चात्य संशोधनाचं कौतुक पुरे. सांध्यांतून आवाज येणं म्हणजे वात वाढला, इतकं सरळ आहे. रात्री महानारायण तेल कोमट करून गुडघ्याला जिरवा, वरून निर्गुंडीच्या पानांचा शेक. सोबत महायोगराज गुग्गुळ दोन-दोन. वांगं, वाल, पावटे, थंड पाणी बंद. मी स्वतः बरा झालोय.

उचापती
तुम्हाला दुखत होतं की वाजत होतं?

हिंग्वाष्टक
दुखत होतं. पण कारण एकच.

उचापती
झालं! यांना दुखत नाही, तुम्हाला वाजत नव्हतं, औषध एकच. आणि महायोगराजात भस्मं असतात, ती इथे धाग्यावर दोन-दोन सांगायची गोष्ट नाही. तेल चोळा हवं तर, चोळल्याने बरं वाटतं.

गोवेकार_पोरगो
मेडिकलवाल्यान दिल्ल्यो गोळयो म्हणजे ग्लुकोसामाइन आसतलीं. पाकिटावर वाच. (मराठीत लिहितो, सॉरी.) सांध्यांसाठी देतात ती, बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. पारायण चालू असेल तर आधी बघून घ्या.

कर्दळी
काय सांगता? पाकीट आत्ता बघितलं. ग्लुकोसामाइनच आहे. बरं झालं उघडलं नाही.

हाडकं_मोजणारी
उघडलं नाही ते तसंही बरंच. अमेरिकेत दीड हजारावर रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती, २००६ साली छापून आली. ग्लुकोसामाइन आणि त्याच्या जोडीला देतात ते कॉन्ड्रॉइटिन एकत्र देऊनसुद्धा एकंदर रुग्णांत नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. तोही दुखण्यावर मोजलेला. आवाज बंद करणारी गोळी माझ्या तरी माहितीत नाही.

पण 'काही नाही' म्हणून सगळं उडवूही नका. २०१८ च्या एका अभ्यासात साडेतीन हजाराच्या आसपास माणसं चार वर्षं पाहिली. गुडघा वारंवार करकरतो म्हणणाऱ्यांत पुढे दुखणारा संधिवात जास्त निघाला, मुख्यतः ज्यांच्या एक्स-रेत आधीच झीज होती पण दुखत नव्हतं त्यांच्यात. म्हणजे घाबरू नका, मांडीचा व्यायाम सुरू करा. माझा प्रश्न तसाच राहिला, अडकतो का?

आयटी_हमाल
माझे पस्तिशीतच वाजतात. व्हिटॅमिन डी-३ चेक करा, माझं ९ आलं होतं. साठ हजारची पुडी आठवड्याला एक, दुधातून. आता मस्त.

उचापती
तपासल्याशिवाय पुडी चालू करू नका कोणी. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. आणि आयटीसाहेब, वाजायचे थांबले का?

आयटी_हमाल
नाही, वाजतात अजून. पण फ्रेश वाटतं.

कर्दळी
सगळ्यांना धन्यवाद, पण पंधरा दिवसांत आवाज बंद कसा करायचा ते कोणीच सांगत नाहीये. आमचं पौर्णिमेला गिरनारचं बुकिंग आहे, बावीस जणांचा ग्रुप, त्याआधी गुडघा ठणठणीत हवा.

सह्यवेडा
गिरनार?? आणि हे आत्ता सांगताय?

उचापती
दहा हजार पायऱ्या. चढून उतरून. शाब्बास.

निवृत्त_कारकून
दत्तगुरूंनी बोलावलंय, तेच नेतील. मी साठीनंतर दोनदा चढलो. रात्री बाराला तलेटीहून, म्हणजे पायथ्याहून, निघायचं, ऊन लागत नाही. रोपवेने गेलं तर ती यात्रा नव्हे.

सह्यवेडा
काका, आदर आहे, पण ज्याचा गुडघा त्याची यात्रा. रोपवे २०२० च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, भवनाथ तलेटीहून अंबाजीच्या देवळापर्यंत. अंबाजी म्हणजे साधारण पाच हजार पायऱ्या वाचतात. पण ताई, पुढचं सोपं समजू नका. अंबाजीहून गोरक्षनाथ शिखर चढायचं, तिथून खोल उतरायचं आणि मग दत्तशिखर पुन्हा चढायचं. येताना तेच उलटं. जातानाही उतार, येतानाही उतार. तलेटीला भाड्याने काठी मिळते, ती घ्याच.

हाडकं_मोजणारी
आणि गुडघ्याच्या वाटीला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. उतरताना मांडीचा स्नायू ताणत ताणत ब्रेक लावतो, तो कमजोर असला की सगळं वाटीवर येतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना वाजणारा पाय आधी, कठडा धरून.

ताई, तिसऱ्यांदा विचारते. अडकतो का?

कर्दळी
अडकत वगैरे नाही. गेल्या आठवड्यात जिना उतरताना एकदा मध्येच थांबल्यासारखा झाला, सरळच होईना, मग हलवून हलवून सुटला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, पाण्याच्या पिशव्या होत्या हातात. ते काही विशेष नाही.

उचापती
आयला! हेच तर विचारत होते सगळे.

हाडकं_मोजणारी
हेच विशेष आहे. कधी वाटीच्या घर्षणाने क्षणभर अडकल्यासारखं वाटतं, ते चालतं. पण मेनिस्कस, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात, ती फाटून तुकडा मध्ये आला तरी असंच होतं. तो साध्या एक्स-रेत दिसत नाही. ऑर्थोपेडिककडे जा, हाताने तपासून घ्या, एक्स-रे सांगितला तर उभं राहून काढायचा. तोपर्यंत मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं बंद. पारायण खुर्चीत करा.

निवृत्त_कारकून
खुर्चीत पारायण!

शेंगदाणा_काकू
पाटावर जाड घोंगडी चालते का विचार ना त्यांना. आमच्याकडे आता कमोड बसवलाय, दहा वर्षं आधी बसवायला हवा होता असं हे म्हणतात.

हिंग्वाष्टक
ऑर्थोकडे गेलं की एमआरआय आणि मग ऑपरेशन ठरलेलंच. तीन महिने तेल लावून बघा आणि मग जा.

उचापती
गिरनार पंधरा दिवसांवर आहे, महाराज.

कर्दळी
जाऊन आले. इथल्याच एका डॉक्टरांकडे. सूज नाही. पाय वाकवून, पिळून, बाहेर-आत फिरवून पाहिला, कुठे कळ आली नाही. एमआरआय लगेच नको म्हणाले, पुन्हा अडकला तर बघू. एक्स-रेत थोडी झीज आहे, वयाच्या मानाने ठीक. मग त्यांनी शिंपी घेतो तसं टेपने दोन्ही मांड्यांचं माप घेतलं. उजवी दीड सेंटीमीटर बारीक निघाली! मला कधी जाणवलंच नाही.

व्यायाम दिलाय. पाठीवर झोपून एक पाय दुमडायचा, दुसऱ्याची मांडी घट्ट करून तो सरळ वर उचलायचा, दुमडलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंतच. पाच सेकंद धरायचा, सावकाश खाली. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठबस. फरक सहा आठवड्यांनी विचारा म्हणाले. आवाज कदाचित राहीलही. वैताग आहे. गिरनारचं विचारलं तर म्हणाले पुढे ढकललं तर उत्तम, जाणारच असाल तर रोपवे, काठी आणि वाटेत अडकला तर तिथूनच परत.

बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीयेत. डोलीचा अंदाज आहे का कोणाला?

सह्यवेडा
डोलीवाले वजन करून भाव सांगतात. तिथेच काटा असतो. पौर्णिमेला गर्दी, त्यामुळे भाव आणि रांग दोन्ही चढे. रोपवे जोराचा वारा सुटला की बंद ठेवतात, तेव्हा परतीच्या गाडीच्या आधी एक दिवस हातात ठेवा. आणि ग्रुपला आत्ताच सांगून टाका की तुम्ही मागून येणार. बावीस जणांच्या वेगाने चालायला गेलात तर डॉक्टर, फिजिओ, काठी सगळं फुकट.

कर्दळी
एक दिवस वाढवते. रोपवेने दोन्ही वेळा. अंबाजीच्या पुढे गोरक्षनाथापर्यंत जमेल तेवढं चालेन, तिथे ठरवेन. व्यायाम कालपासून सुरू आहे, पाय थरथरतो नुसता.

हाडकं_मोजणारी
थरथरू दे. दुखला तर थांबवा.

निवृत्त_कारकून
एक दिवस वाढवताच आहात तर सोमवार साधा. कमंडलू कुंडावर सोमवारी पहाटे धुनी प्रज्वलित होते, ती चुकवू नका. दर्शन झाल्यावर प्रसादही तिथेच घ्या.

सह्यवेडा
काका, कमंडलूकडे वाट फुटते तिथून आणखी पायऱ्या उतराव्या लागतात. आणि उतरलं की चढावंही लागतं. त्यांना भरीस घालू नका.