स्कंक म्हणजे ‘घाण वासाचं ऊदमांजर’? काहीही हं!

खारुताई: परवा इथेच कुणीतरी ठोकून दिलं, ‘दक्षिण अमेरिकेतला स्कंक म्हणजे घाण वासाचं ऊदमांजर, फवारा मारण्यापलीकडे शून्य काम.’ दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. ऊदमांजर मांजराच्या बाजूचं, स्कंक कुत्र्या-अस्वलांच्या. 1997 मध्ये डीएनए बघून त्याचं कुळच वेगळं काढलं. चिली-आर्जेंटिनातला मोलिनाचा स्कंक (मोलिना या चिलीच्या निसर्गअभ्यासकाने 1782 मध्ये नोंदवला) ओळखायचा तो नाकावरून. पसरट, बिनकेसाचं, थेट डुकराचं. वास घेत घेत लांब नखांनी माळ उकरतो आणि भुंग्यांच्या अळ्या खातो. मागे नुसते खड्डेच खड्डे. फवारा अगदी शेवटी. आधी शेपटी उभारून पाय आपटतो बिचारा.

पोटमाळा: ती ओळ माझीच. गुहागरच्या घरी माळ्यावर ऊदमांजर होतं, रात्री बासमती शिजल्यासारखा वास यायचा. वासाच्या ग्रंथी दोघांनाही शेपटीखालीच. साम्य दिसलं तर बिघडलं कुठे? कुळाचार तुम्हीच सांभाळा.

ऊसवाला: भुंग्याच्या अळ्या म्हणजे हुमणीच की! पाऊण एकर आडसाली ऊस खाल्ला राव. ऊस धरून ओढला की हातात येतोय, खाली मुळंच नाहीत. दुकानदारानं दिलेलं औषध ओतलं, फरक शून्य. पाठवा चार जोड्या, वासाचं आम्ही बघतो.

खारुताई: कृपा करा! 1872 मध्ये उसातले उंदीर मारायला जमैकात मुंगसं नेली, तीही आपल्याच कलकत्त्याहून. उंदीर राहिले, पक्षी-सरडे मात्र फस्त केले.

ऊसवाला: तुमचा ऊस गेला नाही म्हणून सुचतंय हे. महिन्याच्या महिन्याला पगार येतोय ना?

खारुताई: माझा पगार कुठून आला मध्येच? माझ्या माहेरीही ऊसच आहे.

दोन कप चहा: भांडू नका. मी दोन वर्षं आर्जेंटिनात नेउकेनकडे होतो. रस्त्यावर स्कंक चिरडलेला असला की काचा बंद असूनही गाडीत लसूण आणि जळकं रबर. गंधकाची संयुगं ती. आमच्या खानावळीच्या कुत्र्याला एकदा फवारा तोंडावरच बसला. आचाऱ्याने टोमॅटोच्या रसाने धुतला. कुत्रा लाल झाला, वास आठवडाभर तस्साच. आणि तिकडे त्याला ‘सोर्रिनो’ म्हणतात, म्हणजे छोटा कोल्हा. नावात पोटमाळा एकटेच चुकलेले नाहीत.

पोटमाळा: घ्या! ऊदमांजर मागे घेतो, कोल्हा म्हणतो. ताई खूश?

खारुताई: कोल्हा निदान कुत्र्याच्या बाजूचा तरी आहे. प्रगती म्हणायची.

ऊसवाला: हुमणीचं कुणी बोलणार का?

दोन कप चहा: वळवाचा पहिला पाऊस झाला की रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवा, भुंगेरे पडतील ते रॉकेलच्या पाण्यात टाका.

ऊसवाला: ते आज्जा पण करायचा. रात्री फांद्या हलवायला माणसं कुठनं आणू ते सांगा.